कुऱ्हाड, करवत, वाकस : आपल्या वडिलार्जित हत्यारांची कहाणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहावे अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मन संकोचले. इतिहास म्हटला की सनदा, ताम्रपट, बखरी व वंशावळी यांची अपेक्षा केली जाते. आम्हा सुतारांच्या घरी यांपैकी काय सापडणार? अमुक राजाने अमुक किल्ला बांधला हे बखरकार सांगतो. परंतु त्या किल्ल्याच्या दरवाजाची फळी कोणी चिरली, तिला अडसर कोणी बसविला, हे सांगण्याचे त्याला कारण पडले नाही. मंदिराच्या शिलालेखात दात्याचे नाव असते, घडविणाऱ्याचे क्वचितच असते.

तथापि अधिक विचार करता असे ध्यानात आले की, दप्तर आपल्याही घरी होते. ते माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेले असे, कोनाड्यात तेलाच्या बुधलीशेजारी उभे असे, पडवीच्या आढ्याला टांगलेले असे. झाड पाडण्याची कुऱ्हाड, फांद्या छाटण्याचा कोयता, साल सैल करण्याची मोगरी, ओंडका चिरण्याची दोन माणसी करवत, तासण्याचा वाकस, भोक पाडण्याचा सामता, ही आपली सनद आणि हीच आपली बखर होय. आणि खेदाची गोष्ट अशी की, हे दप्तर परचक्राने जळाले नाही की महापुराने वाहून गेले नाही. ते आपण आपल्याच हातांनी वजनावर मोडीत घातले. प्रस्तुत लेखकही या अपराधातून मुक्त नाही. त्याची कबुली पुढे यथाक्रम येईलच. तूर्त या हत्यारांचा मागोवा घेऊ.

तगरचे गाडे

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजेच प्राचीन तगर नगर होय, हे जे. एफ. फ्लीट या विद्वानाने १९०१ साली साधार प्रतिपादन केले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक लेखकाने ‘पेरिप्लस’ नावाचे समुद्रव्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, तेथून साधे कापड व नाना तऱ्हेची मलमल भडोचच्या बंदरास जाते, असे तो सांगतो. हा माल कसा जातो, हेही त्याने नोंदविले आहे. तो गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून जातो.

‘गाड्यांतून’ हा एकच शब्द आपल्यासाठी मोलाचा आहे. गाडा म्हटला की चाक आले. चाक म्हटले की तुंबा, आरे, पाटे व आख आले. धड रस्ता नसलेल्या मुलखातून, काळ्या रानातून आणि ओढ्याच्या दगडगोट्यांतून शेकडो कोस चालणारे चाक घडवायचे, तर कोणत्या झाडाचा तुंबा फुटत नाही व कोणत्या लाकडाचा आरा वाकत नाही, याचे ज्ञान घडविणाऱ्यास असलेच पाहिजे. तगरच्या मलमलीची कीर्ती रोमपर्यंत गेली. पण ती बंदरापर्यंत पोहोचविणारे चाक आपल्याच मुलखात, कुणा अनामिक सुताराच्या वाकसाखाली घडले असले पाहिजे, असे मानावयास कोणती हरकत आहे?

तेरची साक्ष येथेच संपत नाही. तेथील उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट ही महाराष्ट्रातील प्राचीन काष्ठकामाच्या दुर्मिळ अवशेषांपैकी एक म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. लाकूड हा नाशिवंत पदार्थ. वाळवी, पाऊस आणि आग हे त्याचे तीन वैरी. त्यांच्या तावडीतून एवढी जुनी चौकट वाचावी हे आपल्या कारागिरीचे भाग्यच. याच तेरने संत गोरोबाकाकांच्या रूपाने एका कारागिराला वारकऱ्यांच्या मुखी अमर केले, हेही आपण विसरू नये.

झाड तोडणे हे केवळ बळाचे काम आहे, असे आपल्या पूर्वजांनी कधी मानले नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, म्हणजे इसवी सनाच्या सहाव्या शतकातील ग्रंथात, ‘वनसंप्रवेश’ नावाचे एक प्रकरणच आहे. मूर्तीसाठी लाकूड आणावयाचे तर आदल्या रात्री झाडाची पूजा करावी, त्यावर वसणाऱ्या भूतमात्रांस अन्यत्र जाण्याची विनंती करावी, आणि सकाळी मध व तूप लावलेल्या कुऱ्हाडीने तोडीस आरंभ करावा, असा विधी त्यात सांगितला आहे. आमचे आजोबा हा ग्रंथ वाचलेले नव्हते. त्यांना सहीपुरतेच अक्षर येत होते. परंतु झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वी ते बुंध्याला हात लावून तो हात कपाळी नेत असत. ‘तासणे’ हे आपले क्रियापद संस्कृत ‘तक्ष्’ धातूपासून आले. वेदकाळी ‘तक्षन्’ म्हणजे सुतार. शब्द टिकला आणि हाताची रीतही टिकली. मधली पुस्तके मात्र आपल्या हाती आली नाहीत, इतकेच.

झाडापासून तुळईपर्यंत

आमचे तेरखेडा सोलापूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, येरमाळ्याच्या पुढे आहे. आज तेरखेडा म्हटले की सर्वत्र फटाक्यांच्या कारखान्यांचे नाव निघते. परंतु दारूकामाची कीर्ती होण्यापूर्वीही गाव होतेच, आणि शेती करणारा गाव म्हणजे सुतारनेट्याचा आवाज असणारा गाव. बालाघाटच्या या पठारावर मेळघाटासारखी दाट अरण्ये नाहीत. बांधावरची बाभूळ, विहिरीवरचा लिंब, मळ्यातला आंबा आणि ओढ्याकाठचे करंज हेच आमचे अरण्य. सागवान लांबून, पैसे मोजून आणावे लागे. ते वाड्यांना व देवळांना. कुणब्याच्या औताला मात्र बाभूळच पाहिजे. ती चिवट, जड, धक्का सोसणारी आणि घरची.

झाड निवडण्यापासूनच सुताराची परीक्षा सुरू होई. सरळ झाड सर्वांनाच आवडते. पण नांगराच्या खोडाला निसर्गतः बाक असलेले लाकूड लागते, कारण बाकाबरोबर रेषाही वळलेल्या असल्या म्हणजे ते फाटत नाही. म्हणून जाणता सुतार शेतातून जाताना उभ्या बाभळीत नांगर पाहत असे, आणि अमक्याच्या बांधावरील फांदी आणखी दोन वर्षांनी जुवाच्या कामाची होईल, हे मनात टिपून ठेवीत असे.

तोडणीची कुऱ्हाड आणि सरपणाची कुऱ्हाड या दोन भिन्न वस्तू आहेत. तोडणीच्या कुऱ्हाडीचे पाते पातळ व धारेकडे निमुळते असते, म्हणजे ती लाकडात शिरून ढलपी काढते. फोडणीची कुऱ्हाड गालांना जाड असते. ती पाचरीसारखी लाकूड दुभंगते. ज्या बाजूस झाड पाडावयाचे त्या बाजूस बुंध्याशी खोल खाच घ्यावयाची, नंतर विरुद्ध बाजूने तिच्या किंचित वर घाव घालावयाचे. मध्ये उरलेली लाकडाची पट्टी बिजागरीचे काम करते आणि झाड ठरल्या दिशेस झुकते. ही पट्टी किती राखावी याचे माप कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते लाकडाच्या आवाजावरून ठरे. करकर ऐकू आली की आजोबा हात वर करीत आणि आम्हा पोरांना दूर पिटाळीत.

झाड पडले की कोयत्याने फांद्या छाटून लगेच साल काढण्याचे काम. हे काम बाहेरून हलके दिसते. परंतु लाकडाचे पुढील आयुष्य त्यावरच अवलंबून असते. सालीखाली ओल राहते, आणि ओलीत भुंगेऱ्यांची अंडी वाढून किडे लाकूड पोखरतात. ओले असता साल सहज सुटते; एकदा वाळली की ती लाकडाला घट्ट धरून बसते व मग हात सोलून निघतात. म्हणून प्रथम मोगरीने किंवा कुऱ्हाडीच्या माथ्याने बुंधा सर्वत्र ठोकावयाचा. साल सैल झाली की लांबीच्या रेषेत एक चीर देऊन, बोथट पात्याने कडा उचलून ती पट्ट्यांनी ओढावयाची. येथे धारदार हत्यार वापरणारा अनाडी समजला जाई, कारण धार सालीतून थेट लाकडात उतरते. आमच्या घरी यासाठी एक जुना कोयता मुद्दाम धार मोडून ठेवलेला होता. नवशिक्या पोरांच्या हाती प्रथम तोच दिला जाई.

सोललेला ओंडका विहिरीच्या थाळ्यात किंवा ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून काही आठवडे ठेवीत. पाण्याने लाकडातील चीक धुऊन निघतो व कीड लागण्याचे भय कमी होते. नंतर तो सावलीत वाळवावयाचा. मग घोडीवर चढवून, काव लावलेल्या सुताचा ताणलेला फटका मारून त्यावर रेषा उमटवावयाच्या आणि दोन माणसी करवतीने चिरावयाचा. एक गडी वर उभा, एक खाली. वरचा रेषा सांभाळतो, खालचा डोळ्यांत भुसा घेतो. म्हणून बाप वर आणि मुलगा खाली, अशीच बहुधा वाटणी असे. शेवटी वाकस. जमिनीवर बसून, पायाच्या अंगठ्यांत लाकूड धरून, आखूड दांड्याचा वाकस आपल्याच पावलांकडे चालवावयाचा, ही आपली जुनी बैठक. ज्याच्या पायावर वाकसाची खूण नाही तो सुतार नव्हे, असे आमचे आजोबा हसत म्हणत.

सालीचा वाटा

आता थोडे त्या सोललेल्या सालीविषयी बोलले पाहिजे, कारण आपल्या अभिमानाने लिहिलेल्या इतिहासातून तीच नेमकी गळते.

बाभळीच्या सालीत कातडे कमावण्याचा कस असतो. तरवडाच्या सालीत आणि हिरड्यातही तो असतो. आमचे काम लाकडाशी. साल घेऊन जात ते ककय्या समाजाचे कातडी कमावणारे बंधू. चुनवणीतून काढून स्वच्छ केलेले कातडे पिशवीसारखे शिवावयाचे, त्यात बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा काढा भरावयाचा, आणि ती पिशवी टांगून काढा कातड्यात मुरू द्यावयाचा, ही त्यांची पद्धत. त्याच कातड्याची मोट होई, नाडा होई, वहाण होई. ज्या बाभळीच्या लाकडाने मोटेचे चाक घडले, तिच्याच सालीने मोटेचे कातडे पक्के झाले. विहिरीवर चाक आणि मोट ही एकाच झाडाची दोन लेकरे एकमेकांस भेटत.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांचे परस्परावलंबन सविस्तर वर्णिले आहे. परंतु परस्परावलंबन म्हणजे समानता नव्हे. साल नेणारा बंधू आमच्या ओट्यावर बसू शकत नव्हता. त्याच्यासाठी साल अंगणाबाहेर ढीग करून ठेवली जाई, हे मी लहानपणी पाहिले आहे. आज त्याची लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे. हत्यारांना मात्र हा भेद ठाऊक नव्हता. एक कुऱ्हाड घ्या. पाते लोहाराचे, दांडा सुताराचा, धारेवरचे कातडी म्यान चर्मकाराचे. तिघांच्या हातांवाचून ती पुरी होत नाही. आपण आपल्या समाजाचा इतिहास लिहावयास बसलो, तरी एका कुऱ्हाडीचा इतिहास एका ज्ञातीत मावत नाही, हे आधी कबूल करावे लागते.

दप्तर मोडीत गेले

ही हत्यारे कशी निवृत्त झाली, याचा क्रमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली आणि १९११ पर्यंत ती लातूरला पोहोचली. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे दिवस त्याने सरले. पण स्टेशनापर्यंत माल नेण्यास गाडीच लागे, म्हणून सुताराचे काम टिकले. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. स्वराज्याबरोबर विजेचा पंप आला व मोट गेली. रबरी टायरची गाडी आली आणि तुंबा, आरे व लोखंडी धाव यांची गरज उरली नाही. लोखंडी नांगराने बाभळीचा नांगर बांधाला टेकविला. ट्रॅक्टरने तर औतच मोडीत काढले.

यांपैकी कशालाही मी दोष देत नाही. मोट ओढताना बैलाचा आणि माणसाचा जो जीव जाई, तो ज्याने पाहिला आहे त्याने पंपास नावे ठेवू नयेत. परंतु बलुते आटले ते आटलेच. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भागातील कितीतरी कसबी हात वाकस खाली ठेवून खडी फोडण्याच्या कामावर गेले, आणि त्यांतील पुष्कळ परत वाकसाकडे आले नाहीत. कोणी पुण्यास गेले, कोणी सोलापूरला, कोणी मुंबईच्या फर्निचरच्या कारखान्यात.

नंतर ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट उजाडली. किल्लारीच्या भूकंपाने लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे मातीच्या ढिगाखाली गाडली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे, अशी आपली घरे. पुढे अभियंत्यांनी पाहणी केली, तेव्हा एक गोष्ट दिसून आली. ज्या घरांत लाकडी खांब, तुळया व कड्या यांचा खण नीट सांधलेला होता, तेथे अनेक ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या, पण खण उभा राहिला आणि त्याखालची माणसे वाचली. कोणा अज्ञात सुताराने पटाशी-किंकऱ्याने घातलेल्या सांध्याने नातवंडे-पतवंडे वाचविली! ज्ञातिबंधूंनो, आपल्या समाजाचा याहून मोठा गौरव मला ठाऊक नाही. पण त्या सुतारांची नावेही कोठे लिहिलेली नाहीत.

आणि आता माझी कबुली. भूकंपानंतर माळवदाखाली झोपावयास आमच्याही घरी कोणी धजेना. आम्ही जुने घर उतरविले व सिमेंटचे बांधले. माळ्यावरची हत्यारे खाली आली. दोन कुऱ्हाडी, मोठी करवत, तीन वाकस, सामता व त्याची कमान, पहारा, पाचरी, आणि तो धार मोडलेला कोयता. नव्या घरात त्यांना जागा नव्हती. दारावर आलेल्या भंगारवाल्याने ती काट्यावर घातली. लोखंडाचा भाव ठरला. दांडे त्याने आमच्यासमोरच ठोकून काढले, कारण लाकडाचे वजन त्याला नको होते. आजी ओसरीवर बसून होती. ती एवढेच म्हणाली, “आरं, दांडं तरी ठिवा. तुज्या आज्याच्या हातानं गुळगुळीत झाल्यात ते.” आम्ही दांडे चुलीत घातले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण आपण दुसऱ्यांना लावतो. त्या दिवशी तो दांडा मीच होतो.

इतरांनी काय केले

काही वर्षांनी एका वाचनात मला अमेरिकेतील हेन्री मर्सर या गृहस्थाची हकिकत आढळली. १८९७ साली पेनसिल्व्हेनियातील हा पुराणवस्तु-अभ्यासक एका भंगारवाल्याकडे गेला असता तेथे त्याला जुन्या हत्यारांचा ढीग दिसला. झाडे तोडून ज्या हत्यारांनी देश वसविला, ती यंत्रयुगात निरुपयोगी ठरून मोडीत चालली आहेत, हे त्याने ओळखले. त्याच साली त्याने संग्रहास आरंभ केला, १९१६ मध्ये त्यासाठी काँक्रीटची प्रचंड इमारत उभारली आणि १९२९ साली प्राचीन सुतारांच्या हत्यारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या देशात व इंग्लंडातही कातडे कमावण्यासाठी झाडांची साल सोलण्याचा मोठा धंदा होता. इंग्लंडात ओक झाडाची साल वसंतात, रस चढता असताना, चमच्यासारख्या वाकड्या पात्याच्या खास हत्याराने काढीत. ती हत्यारे आज हौशी लोक शोधून जमवितात, धार लावतात आणि वापरूनही पाहतात. इंग्लंडातील रेडिंग येथे ग्रामजीवनाचे संग्रहालय १९५१ साली स्थापन झाले आहे.

परदेशाचे कशाला, आपल्याच घरची उदाहरणे आहेत. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दैनंदिन वापराच्या जुन्या वस्तू जमविण्यास प्रारंभ केला. अडकित्ते, दिवे, दरवाजे, भांडी, ज्यांना कोणी इतिहास म्हणत नव्हते अशा वस्तू. अकाली गेलेल्या मुलाच्या नावे त्यांनी तो संग्रह केला व अखेर महाराष्ट्र शासनास दिला. आणि आपल्या तेरलाच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतून निघालेल्या सहस्रावधी वस्तू आयुष्यभर जपल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. हे दोघेही सरकारी अधिकारी नव्हते. दोघांपाशी होती ती चिकाटी आणि ‘हे जाता कामा नये’ ही जाणीव.

संग्रह कसा करावा

त्या प्रेरणेने गेली काही वर्षे मी येरमाळा, वाशी, कळंब, बार्शी येथील आठवडे बाजारांत आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या माळ्यांवर हिंडून चाळीसएक हत्यारे गोळा केली आहेत. माझी स्वतःची गेली ती गेलीच. ही दुसऱ्यांची आहेत. या खटाटोपात जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, हत्यारासोबत त्याची माहिती घ्यावी. ते कोणत्या गावचे, कोणत्या घरचे, कोण वापरीत असे, घरात त्याला काय म्हणत, हे त्याच दिवशी वहीत लिहावे. मोल्सवर्थने आपल्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली काढली, तेव्हा कारागिरांच्या बोलीतील शब्दही त्याने आस्थेने टिपले. ते काम एका परक्या माणसाने केले. आपण आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचे शब्द टिपण्यास काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट, गंज काढताना उतावीळपणा नको. रॉकेलात भिजवून, विटेच्या भुकटीने हलक्या हाताने घासावे आणि करडईचे किंवा जवसाचे तेल पुसावे. पात्यावर लोहाराची खूण असेल तर ती जपावी. जुन्या पात्यात पुष्कळदा मऊ लोखंडाच्या अंगात पोलादाची जीभ बसविलेली असते. घासल्यावर तो सांधा डोळ्यांना दिसतो. अलीकडची पाती मोटारीच्या कमानपाट्याची असतात, तीही खोटी नव्हेत. पाते कोणत्या काळचे याची ती खूणच आहे. विजेच्या चाकावर धार लावण्याचा मोह टाळावा. पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरले म्हणून समजावे. सहाण, पाणी आणि सबुरी हाच राजमार्ग.

तिसरी गोष्ट, दांडा. पूर्ण वाळलेल्या बाभळीचा किंवा मिळाल्यास धावड्याचा दांडा नेढ्यात घट्ट ठोकून वर कोरडी पाचर मारावी. सैल दांडा पाण्यात भिजवून तात्पुरता घट्ट करण्याची सवय वाईट. वाळल्यावर पाते निसटून समोरच्याचा जीव घेते.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट, हत्यार वापरात ठेवावे. काचेच्या कपाटातील वाकस पाहून कोणालाही तासता येणार नाही. माझ्याजवळील एका जुन्या करवतीचे दाते मुठीकडे झुकलेले आहेत. ती ढकलून चालेना तेव्हा मी तिला बिघडलेली समजलो होतो. आमच्या नात्यातील एका वृद्ध काकांच्या हाती दिली, तर त्यांनी ती ओढून झरझर चालविली. करवत बरोबर होती, चूक माझ्या हाताची होती. ते काका न भेटते, तर माझ्या वहीत ती ‘सदोष करवत’ म्हणून कायमची नोंदली गेली असती! वस्तू राहते, पण तिची रीत माणसाबरोबर जाते. अर्थात वापरासाठी उभ्या झाडावर कुऱ्हाड उगारण्याचे कारण नाही. १९६४ च्या कायद्याने अनेक जातींची झाडे तोडण्यास परवानगी लागते, आणि आपल्या उघड्या पठारावर ते योग्यच आहे. वादळात पडलेली बाभूळ किंवा रानोमाळ माजलेली वेडी बाभूळ शिकण्यास पुरेशी आहे.

समाजापुढे विनंती

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने आपल्या कुलदैवताच्या नावाने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. तीत सुतार, लोहार इत्यादी १८ व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण व हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद आहे. पात्र तरुणांनी तिचा अवश्य लाभ घ्यावा. विजेचा रंधा घरी येण्यात कमीपणा नाही. विनंती एवढीच की, नवी पेटी दारातून आत येताना जुनी गोणी दुसऱ्या दारातून भंगारात जाऊ नये.

आपल्याकडे खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते. पुष्कळ घरी आता त्या दिवशी ड्रिल यंत्राला हळदकुंकू लागते, लागो बापडे. परंतु येत्या खंडेनवमीस प्रत्येक कुटुंबाने माळ्यावरील जुने हत्यार खाली उतरवून त्याच पाटावर मांडावे, त्याचे नाव व त्याच्या मालकाचे नाव एका कागदावर लिहावे आणि तो कागद मंडळाकडे पाठवावा. हत्यार मंडळास द्यावे असा आग्रह नाही. ते घरीच शोभते. ज्यांना सांभाळणे शक्य नाही त्यांचे मात्र मंडळाने सांभाळावे. अशा कागदांची एक वही झाली, तर पुढील स्मरणिकेत समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यास माझ्यासारखे संकोचावे लागणार नाही. ज्या घरी सामता चालविणारे, करवतीला दाते काढणारे वृद्ध अद्याप आहेत, त्या घरच्या मुलांनी एक सुटी त्यांच्यापाशी बसून घालवावी. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. मला करवत शिकविणारे काका गेल्या वर्षी निवर्तले.

आजीने म्हटलेले दांडे मला परत आणता येत नाहीत. परंतु परवा नातवाला घेऊन एका पडलेल्या बाभळीचा दांडा घडविला. साल त्याने काढली, बोथट कोयत्याने, आधी ठोकून मग ओढून. त्याच्या तळहाताला फोड आले आणि त्याने ते शाळेत मोठ्या अभिमानाने दाखविले असे ऐकतो. तो दांडा अजून खरबरीत आहे. गुळगुळीत होण्यास त्याला अनेक वर्षांचे हात लागतील. ते हात आपल्या समाजात सदैव असोत, हीच प्रभू विश्वकर्म्याच्या चरणी प्रार्थना.